गाळलेले सूर

हे सगळं घडलं एकोणीसशे सदुसष्ट साली. त्याच वर्षी छापखान्यात पुस्तकं शिवायचं पहिलं यंत्र आलं आणि बाइंडिंग खात्यातल्या सात बायकांपैकी चौघींना घरी बसावं लागलं, त्यामुळे साल चुकायचा प्रश्नच नाही. मागे राहिलेल्या तिघींमध्ये एक होती, तिला सगळे सुई म्हणत. अंगानं किडकिडीत, जिभेनं टोचरी, आणि दिवसभर हातात सुईच. दुसरं नाव शोधायची कुणाला गरज पडली नाही.

सुई तेव्हा चौतीस वर्षांची होती आणि तिला गिटार वाजवता येत होती. येत होती म्हणजे चांगली येत होती. पण ती कशी आली ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या शिकण्यातूनच निघालं.

गिटार मूळची तिच्या धाकट्या भावाची. तो जहाजावर नोकरीला लागला तेव्हा कपाटामागे टाकून गेला. तीन वर्षं ती तिथेच, भिंतीकडे तोंड करून. एकतिसाव्या वाढदिवसाला सुईनं ती बाहेर काढली, पुसली, आणि सायकलच्या दुकानावरच्या खोलीत शिकवणाऱ्या मास्तरांकडे घेऊन गेली.

आई म्हणाली, "लग्नाचं वय गेलं, आता गिटारीचं आलं वाटतं!"

"गिटार निदान स्वयंपाक मागत नाही," सुई म्हणाली आणि जिना उतरली.

मास्तर तेव्हा पन्नाशीचे. मोठं कपाळ, खांद्याला थोडा बाक, बोलणं मोजकं. शिकवण्याबरोबरच लोकांची मोडकी वाद्यं दुरुस्त करायचे. खिडकीशी एक लांब बाक होता; त्यावर डावं कोपर टेकवून उजव्या हातानं तासायचे, सरस लावायचे, खुंट्या बसवायचे. त्यांनी सुईची बोटं उलटी-सुलटी करून पाहिली. उजवी सुईदोऱ्यानं निबर झालेली, डावी मऊ.

"उजवा हात मोठा झालाय, डावा अजून पाळण्यात आहे," ते म्हणाले. "त्याला मोठं करायला दोन वर्षं लागतील. आहेत?"

"दोन वर्षांत मी कुठे जाणार आहे?"

पहिला महिना त्यांनी तिला एका कॉर्डवरून, म्हणजे बोटांच्या एका ठेवणीवरून, दुसरीवर जायला लावलं. एवढंच. इकडून तिकडे, तिकडून इकडे. बोटांच्या टोकांना फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. मग ती एक कॉर्ड आली जिच्यात पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या असतात. त्या कॉर्डपायी सुई चार आठवडे रडली. तारा वाजायच्याच नाहीत, नुसत्या खरखरायच्या.

"मांजराला दळायला बसवलंयस का?" आई आतून ओरडायची.

सकाळी कामावर जायच्या आधी अर्धा तास, संध्याकाळी जेवणाआधी एक तास. दुपारच्या सुट्टीत छापखान्यातल्या टेबलाच्या कडेवर डाव्या हाताची बोटं चालवत बसायची, तर सोबतच्या बायका म्हणायच्या, "बघा, टेबलाला गुदगुल्या करतेय." मास्तरांचं एकच म्हणणं: हळू वाजव. ज्याला हळू येत नाही त्याला जलद येतं असं फक्त त्यालाच वाटतं. आणि एके दिवशी, कुठलाही मुहूर्त नसताना, ती आडवी कॉर्ड स्वच्छ वाजली. सुईनं ती लागोपाठ साठ वेळा वाजवली. आई काही बोलली नाही, म्हणजे तिलाही कळलं असणार.

दुसऱ्या वर्षी मास्तरांनी त्यांची खरी शिकवण काढली. दोन स्टुलं पाठीला पाठ लावून ठेवली. "डोळे आळशी असतात," ते म्हणाले. "बघून नक्कल करतात आणि शिकलो म्हणतात. आता तू माझा हात बघायचा नाहीस."

ते पाठमोरे बसून एखादी चाल वाजवायचे आणि मध्येच एक सूर गाळायचे. त्या सुराच्या नेमक्या क्षणी, नेमक्या जोरानं, तो सूर सुईनं आपल्या गिटारीवर लावायचा. लवकर नाही, उशिरा नाही. असा, की बाहेरून ऐकणाऱ्याला एकाच माणसानं वाजवल्यासारखं वाटावं. चुकली की मास्तर खांद्यानं तिच्या खांद्याला धक्का द्यायचे. बरोबर आली तर काहीच नाही. शाबासकी द्यायची रीत त्यांच्याकडे नव्हती. एक जागा भरली की ते पुढे दोन गाळायचे, मग चार. जास्त सूर गाळले, की समजायचं, मास्तर आपल्यावर खूश आहेत.

एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

तिसऱ्या वर्षी त्यांनी तिला आपल्या मंडळींत घेतलं. गोदी कामगारांच्या सभागृहात दर रविवारी दुपारी तीन ते सहा नाच असायचा. मास्तर गिटारीवर, बेकरीवाला ॲकॉर्डियनवर, पोस्टमन ड्रमवर. बेकरीवाला गोल, लालबुंद, पहाटेपासून भट्टीसमोर उभा राहून दुपारी ॲकॉर्डियन ओढायचा, आणि तरी जीभ थकत नसे. पोस्टमन उलट, लांबट आणि गंभीर. विनोद करायचा तोही पत्र दिल्यासारखा, हातात ठेवून निघून जायचा.

पहिल्या रविवारी सुई घाबरून अशी सुसाट सुटली की नाचणारे एकमेकांच्या पायावर पडले.

"काय गं सुई, मागे कुत्रं लागलंय?" बेकरीवाला म्हणाला.

"मी तार घेऊन जातो तेव्हासुद्धा इतका धावत नाही," पोस्टमन म्हणाला.

मास्तरांनी तिला चार रविवार गिटार मांडीवर घेऊन नुसतं बसवून ठेवलं. वाजवायचं नाही, ऐकायचं. पोस्टमनचा उजवा पाय ऐकायचा, बेकरीवाला भाता उघडताना किती श्वास घेतो ते ऐकायचं. पाचव्या रविवारी तिला तालाच्या दर आवर्तनात तारांवर एक ठोका मिळाला, सहाव्याला दोन. घरी चार भिंतींत वाजवताना आपण किती स्वतःपुरतं वाजवत होतो, ते तिला तिथे कळलं. चौघांत वाजवायचं म्हणजे आपला आवाज थोडा पोटात ठेवायचा. वर्षअखेरीस तिची जागा पक्की झाली. सवयीनं दोघांच्या खुर्च्या मंचावरसुद्धा पाठीला पाठ लावूनच असायच्या, आणि लोकांना ते पाहायला आवडायचं.

पहिल्या रांगेत, खिडकीजवळच्या खुर्चीवर, मास्तरांची बायको विणकाम घेऊन बसायची. सुई त्यांना काकू म्हणायची. काकू इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होत्या, पहाटे पाचला घर सोडायच्या. सुरातलं त्यांना काही कळत नसे आणि त्या तसं उघड सांगायच्या. "मला सगळी गाणी सारखीच वाटतात, पण हा वाजवताना चांगला दिसतो," असं म्हणून हसायच्या.

सदुसष्टच्या फेब्रुवारीत एका रविवारी, चांगलं भरात आलेलं गाणं चालू असताना, मास्तरांनी वरचा एक सूर गाळला.

सुईच्या अंगावर काटा आला. आतापर्यंत हा खेळ फक्त खोलीत होता. आज भर सभागृहात, दीडशे माणसांसमोर, मास्तर तिच्यावर विसंबून जागा सोडत होते! तिनं तो सूर लावला. नेमका. खांद्याला धक्का बसला नाही. पुढच्या आवर्तनात तोच सूर त्यांनी पुन्हा गाळला, तिनं पुन्हा भरला. त्या दिवशी ती घरी कशी आली ते तिचं तिलाच माहीत. आईनं विचारलं, "काय गं, लॉटरी लागली का?"

मार्चमध्ये मास्तर दोन-दोन सूर गाळू लागले. एप्रिलमध्ये अख्खे तुकडे. सगळे वरच्या पट्टीतले, करंगळीनं घ्यायचे. सुईला वाटलं, अवघड तेच देतायत. ती सकाळी अर्ध्या तासाऐवजी एक तास बसू लागली. मास्तरांची एकूण एक चाल तिनं करंगळीसकट घोटून काढली, कारण पुढच्या रविवारी ते कुठली जागा सोडतील याचा नेम नव्हता. लोक म्हणायला लागले, "मास्तर, तुमचं वय उलटं चाललंय." बेकरीवाला म्हणाला, "दोन गिटारी आहेत हे मला बघितल्यावरच आठवतं." मास्तर मान हलवायचे, बोलायचे नाहीत. ते तर कधीच बोलायचे नाहीत.

जूनमधली गोष्ट. नाच संपला होता, लोक पांगले होते. मंचामागच्या अरुंद खोलीत सुई खोक्याला कड्या लावत होती. मास्तर भिंतीकडे तोंड करून मनगटाचं बटण लावायचा प्रयत्न करत होते. उजव्या हाताच्या मनगटाचं. म्हणजे काम डाव्या हाताचं. ते बटण काजात जाईना. एकदा, दोनदा, सहा वेळा. मग त्यांनी ते दातांनी ओढायला सुरुवात केली, आणि सुईला त्यांचा डावा हात पहिल्यांदा नीट दिसला. दोन वर्षं पाठीला पाठ लावून बसलेली ती, तो हात तिनं कितीतरी महिन्यांत पाहिलाच नव्हता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळून राहिलं होतं, पक्ष्याच्या पंजासारखं. अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांस असतं तिथे खड्डा पडला होता.

फेब्रुवारीपासूनचा एकेक सूर तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि त्यांतला एकही त्यांनी गाळलेला नव्हता. ते वाजवू शकले नव्हते.

मास्तर वळले. तिनं पाहिलंय हे त्यांनी पाहिलं.

"बाकावर काम फार झालं," ते म्हणाले. "मुरगळलाय."

"कुणाला तरी दाखवा, मास्तर."

"दाखवीन. नोव्हेंबर होऊ दे." नोव्हेंबरात सभागृहाला पंचवीस वर्षं होणार होती, मोठा कार्यक्रम ठरला होता. "आणि काकूला बोलू नकोस. ती घर डोक्यावर घेईल."

सुईनं पुढे होऊन त्यांचं बटण लावलं.

त्यानंतर चार महिने. त्या चार महिन्यांबद्दल ती म्हातारपणी एवढंच सांगायची, की तेवढं चांगलं ती आयुष्यात पुन्हा कधी वाजवू शकली नाही. रोज ठरवायची, उद्या सांगायचं. काकू समोर दिसायच्या, हसायच्या, विचारायच्या, "जेवलीस का गं?" आणि ती म्हणायची, "हो काकू." एकदा तर त्या स्वतःहून म्हणाल्या, "घरी याच्या हातून पेले पडतात. परवा किल्ली फिरवता येईना. मी म्हटलं, रविवारी इतकं सुरेख वाजवतोस, तो हात घरकामालाच कसा रे दुखतो? सोंगाडा कुठला!" आणि हसल्या. तेव्हा सांगायची वेळ होती. सुईही हसली.

खोटं कशाला बोला, मास्तरांनी गप्प राहायला सांगितलं एवढंच त्यामागे नव्हतं. रविवारी तीन वाजता ती खुर्चीवर बसायची आणि सभागृहातली सगळ्यांत देखणी चाल तिच्या बोटांतून निघायची. लोक मास्तरांकडे बघून टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या आपल्या आहेत हे तिला एकटीला ठाऊक असायचं. घरी जाताना शीळ घालावीशी वाटायची. कोपऱ्यावर आलं की त्या पंजासारख्या बोटांची आठवण यायची आणि शीळ ओठांतच राहायची. मग पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आई जिन्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. सुई रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस इस्पितळात होती. शेजारणीच्या हाती तिनं सभागृहात निरोप पाठवला, येता येत नाही. निरोप पाठवताना तिला कळत होतं काय होणार आहे. आई कण्हत होती, आणि सुईचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. तीन वाजले, सव्वातीन झाले. कुणाला न दिसणारं कुठलंसं दार आत्ता उघडत असणार, आणि आपण ते धरून ठेवायला तिथे नाही.

सोमवारी सकाळी बेकरीवाला कापडात गुंडाळलेला ताजा पाव घेऊन इस्पितळात आला. पाव त्यानं कुठे ठेवायचा ते न सुचून बराच वेळ हातातच धरला.

"पहिल्या गाण्यात मला वाटलं, याची तार तुटली," तो म्हणाला. "मग बघितलं तर तारा सगळ्या जागेवर. अगं, अर्धे सूर येतच नव्हते. दात पडलेल्या माणसानं बोलावं तसं. पोस्टमननं मोठ्यानं ड्रम वाजवून झाकायचा प्रयत्न केला. पण नाचणारे थांबले ना! थांबले आणि बघत राहिले."

"आणि मास्तर?"

"तिसऱ्या गाण्यात गिटार खाली ठेवली. खुर्चीवरून उठेना. वहिनी विणकाम टाकून मंचावर आल्या, त्याला उठवला, हात हातात घेऊन बघितला. दीडशे माणसांसमोर, सुई. लहान मुलाचा बघतात तसा." बेकरीवाल्यानं पाव शेवटी खिडकीत ठेवला. "इतकी वर्षं मी त्याच्या बाजूला बसतोय. माझे कान काय मी भट्टीत घातले होते?"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची लाली हळूहळू उतरली.

"तू होतीस म्हणून," तो म्हणाला. "नाही का?"

दहा दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत, काकू छापखान्याच्या फाटकाशी उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी आल्या नव्हत्या. त्यांच्या बोटांची कातडी सोड्याच्या पाण्यानं पांढरी पडलेली होती. दोघी कागदाच्या रिमांच्या ढिगाआड, भिंतीच्या कडेला बसल्या.

"कोपरातली शीर आहे," काकू म्हणाल्या. "वर्षानुवर्षं त्या बाकावर कोपर टेकून टेकून दबली. डॉक्टर म्हणाले, छोटी शस्त्रक्रिया असते, शीर मोकळी करतात. पण ती लवकर करायची असते. आता स्नायू सुकून गेलेत. करतील म्हणे, पण आहे त्याहून वाईट होऊ नये म्हणून फक्त. बोटं परत येणार नाहीत." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी विचारलं, कधी आणायला हवं होतं? तर म्हणाले, उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणलं असतं तरी बरंच वाचलं असतं."

सुई मातीकडे बघत होती.

"तुला एक विचारायचंय. तू पाठीला पाठ लावून बसायचीस. तुला कळलं नाही का गं?"

"मला वाटायचं, मास्तर मुद्दाम सोडतायत," सुई म्हणाली. "ते तसंच शिकवायचे. सूर गाळायचे, मी भरायचे. जास्त गाळले की मला वाटायचं, मी चांगलं वाजवतेय."

काकूंनी मोठा श्वास सोडला. इतके दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी खाली ठेवल्यासारखा. त्यांनी सुईचा हात हातात घेतला. "मला वाटलंच. मी म्हटलं, पोरीला माहीत असतं तर ती बोलली असती. त्याचं खूळ ते! शिकवायच्या नादात…" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिथे सगळं संपलं असतं. काकू उठल्या असत्या, कामावर गेल्या असत्या, आणि जन्मभर तिला आपली मानत राहिल्या असत्या. सांगितलं ते खोटंही नव्हतं. सुईनं त्यांच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं.

"जूनपर्यंत," ती म्हणाली.

"काय जूनपर्यंत?"

"जूनपर्यंत मला तसं वाटायचं. जूनमध्ये मी त्यांचा हात बघितला."

काकूंनी हात लगेच काढून घेतला नाही. तो तिथेच राहिला, पण त्यातला जीव गेला.

"आणि मग?"

"मग काही नाही. मी वाजवत राहिले."

"त्यानं सांगितलं असेल, बोलू नकोस."

"सांगितलं होतं. पण त्यांनी सांगितलं म्हणून नाही, काकू. मला आवडत होतं. तसं वाजवायला."

छापखान्याची घंटा झाली. आतून यंत्राचा खडखडाट सुरू झाला. काकू उठल्या, पदर झटकला.

"मी त्याची बायको आहे गं," त्या म्हणाल्या. "माझ्यापासून काय लपवायचं होतं? मला तर सूर कळतसुद्धा नव्हते." आणि फाटकाबाहेर गेल्या.

नोव्हेंबरातला कार्यक्रम रद्द करायचा का, असं पोस्टमननं विचारलं तेव्हा मास्तरच म्हणाले, नाही, सुई वाजवील. तिनं नको म्हणून पाहिलं. "मग इतकं शिकलीस कशाला?" एवढंच ते म्हणाले.

त्या रविवारी मंचावर एकच खुर्ची होती. मास्तर खाली पहिल्या रांगेत, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले, डावा हात कोटाच्या खिशात. काकू आल्या नव्हत्या. सभागृह खच्चून भरलं होतं. सुईनं पहिलं गाणं सुरू केलं, आणि मुद्दाम कमी वाजवायचं म्हटलं तर तेही तिला आता येत नव्हतं. जसं चार महिने वाजवलं होतं तसंच तिनं वाजवलं. लोक नाचले. बेकरीवाल्याची जीभ त्या दिवशी पहिल्यांदा गप्प होती, पण ॲकॉर्डियन त्यानं मनापासून ओढला.

मधल्या विश्रांतीत गोदीतला एक म्हातारा मुकादम, मनानं साधा माणूस, मास्तरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आज खाली बसलात होय? पण काळजी करू नका. मी डोळे मिटून ऐकत होतो. अगदी पूर्वीसारखंच! काही म्हणजे काही फरक नाही."

मास्तर हसले. मुकादम गेल्यावर ते मंचाच्या कडेशी आले. सुई तारा लावत होती.

"इतकं?" त्यांनी विचारलं.

तिला कळलं नाही असं तिनं दाखवलं नाही.

"मला वाटायचं, दहातला एखादा सूर तू घेतेस," मास्तर म्हणाले. "एखाद-दोन. सूर वेळेवर यायचा, मला वाटायचं मीच वाजवला. मी घरी जाऊन म्हणायचो, अजून चालतंय. अजून हात चालतोय."

"मास्तर, तुम्हीच शिकवलं होतं."

"हो." त्यांनी खिशातला हात काढला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा खिशात घातला. "फार चांगलं शिकवलं." आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसले. उरलेली सगळी गाणी त्यांनी बसून ऐकली, शेवटपर्यंत. डोळे मिटले नाहीत.

पुढे काय झालं, तेही सांगते. शस्त्रक्रिया झाली, बोटं सरळ झाली नाहीत. मास्तरांनी शिकवणं सोडलं नाही, आणखी आठ वर्षं शिकवलं, तोंडानं चाल म्हणून. शहात्तर सालच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेले. बेकरीवाला त्यांच्याही आधी गेला, एका सकाळी दुकानाचं दार उघडता उघडता. दुकान पुढे त्याच्या मुलीनं चालवलं आणि तिचा पाव त्याच्याहून बरा असतो असं लोक म्हणत. पोस्टमन निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेला. ड्रम त्यानं नेला नाही. सभागृह पाडलं तेव्हा तो माळ्यावर सापडला म्हणतात. आई काठी टेकत आणखी नऊ वर्षं जगली आणि येईल त्याला सांगत राहिली, की माझा पाय गिटारीनं मोडला. भाऊ एकदाच घरी आला, एकाहत्तर साली. गिटारीचं नावही काढलं नाही.

सुईनं मास्तरांच्या खुर्चीवर बसून सहा वर्षं वाजवलं. मग सभागृहातले नाच बंद झाले. छापखान्यात ती निवृत्तीपर्यंत होती, यंत्राला दोरा पुरवत. लग्न केलं नाही. चार-पाच मुली तिच्याकडे शिकायला यायच्या. त्यांतली एक पुढे नावारूपाला आली.

काकू तिच्याशी भांडल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तर आईची चौकशी करायच्या, हवेबद्दल बोलायच्या. सभागृहात मात्र पुन्हा कधी आल्या नाहीत, आणि सुई मास्तरांना भेटायला घरी गेली की काहीतरी काम काढून बाहेर जायच्या. मास्तर गेल्यावर दुसऱ्या गावी बहिणीकडे राहायला गेल्या. सुईनं दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

त्र्याऐंशी साली त्या वारल्याचं कळलं, तेही दोन दिवस उशिरा. तरी सुई गेली. चार तासांचा बसचा प्रवास, मग चढण. बहिणीनं दार उघडलं. काकूंसारखीच दिसत होती, फक्त हात मऊ होते.

"आपण कोण?"

"मी मास्तरांची विद्यार्थिनी."

बहिणीनं थोडा विचार केला. "ती तुमच्याबद्दल कधी काही बोलली नाही," ती म्हणाली. मग दार पूर्ण उघडलं, म्हणाली, लांबून आलात, बसा, आणि आत चहा टाकायला गेली.